उरलेला गुलाबी

रंगाऱ्याचा बाप गुरुवारी दुपारी गेला. तोंडातून चकार शब्द न काढता. पण तूर्त तसं काही झालेलंच नाही असं धरून चालू. आज आदल्या आठवड्यातला शुक्रवार आहे, म्हातारा ठणठणीत आहे आणि घर डोक्यावर घेतो आहे.

कंबर मोडल्यापासून तो खाटेवर होता आणि सगळ्या अंगाचं काम एकट्या गळ्यावर आलं होतं. पाणी हवं, ओरड. भाकरतुकडा हवा, ओरड. काही नको असेल तर तेवढं सांगायलाही ओरड. ओरडला की द्यायचं, ही घरातली पद्धत.

रंगाऱ्यांची पद्धत वेगळी : कामावर उरलेला रंग आपल्या घराला. या रंगाऱ्याचं स्वयंपाकघर इस्पितळी हिरवं होतं, न्हाणीघर शाळेचं निळं. आता तुरुंगाच्या बारा कोठड्या गुलाबी करून झाल्या होत्या. या रंगात माणूस थंड होतो, असं अधीक्षकांनी कुठंतरी वाचलं होतं. झालाही. चार नंबरातला, गजांवर डोकं आपटणारा, तिसऱ्या दिवशी पहारेकऱ्याला "जेवलात का?" विचारू लागला. दीड डबा उरला. तो आज बापाच्या खोलीला लागला.

"बारसं आहे का माझं?" बाप गरजला. "कोपरे तरी नीट मार, गाढवा!"

रविवारी ओरड निम्म्यावर आली. सोमवारी बंद.

"अहो, बाबा बरे आहेत ना?" बायकोनं विचारलं.

"बरे? सुधारलेत!"

कित्येक वर्षांनी दोघांनी अख्खा कप चहा गरम असताना प्यायला.

बुधवारी बहीण भेटून गेली ती दारातच रडायला लागली. "दादा, बाबांनी मला एकसुद्धा शिवी दिली नाही रे."

ज्यावर बाप हमखास पेटायचा, तेच रंगारी खाटेजवळ जाऊन बोलला. "बाबा, तुम्हाला ब्रश धरता येतच नव्हता."

चाळीस वर्षं रंगकाम केलेला बाप भिंतीकडे बघत म्हणाला, "असेल बाबा."

गुरुवारी रंगारी लाल रंग आणायला धावला. डबा घेऊन परतला तेव्हा पाण्याचा तांब्या खाटेपासून हातभर लांब, भरलेला, तसाच होता. पातळ भिंतीपलीकडे शेजारीण सकाळपासून भाजी निवडत बसली होती. तिला खोकलासुद्धा ऐकू आला नव्हता.

"अंगात पाणीच उरलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "यांनी मागितलं नाही?"

"नाही," रंगारी म्हणाला. "आणि आम्ही दिलं नाही."

तेराव्या दिवशी त्यानं कागद घेतला.

"मा. तुरुंग अधीक्षक यांस. आपल्या रंगाबरोबर आपली शिस्त चुकून आमच्या घरी आली. माझे वडील कोणत्याही गुन्ह्याशिवाय सहा दिवस त्या शिस्तीत होते. त्यांची वर्तणूक उत्तम होती. तरी चांगल्या वर्तणुकीची सूट धरून त्यांच्या सुटकेचा आदेश, ते वारले त्याच्या आदल्या दिवसाच्या, म्हणजे बुधवारच्या तारखेनं काढावा, ही नम्र विनंती."