डॉक्टरवरचा दावा

सुखीबाईने डॉक्टरांना सांगितलं होतं. आर्णीच्या बाजारपेठेतला तो दवाखाना त्या दिवशी गच्च भरलेला होता, पायातल्या गळवाने तिला सणकून ताप चढला होता, तरी कंपाउंडरच्या तोंडून 'सल्फा' ऐकताच तिने पुडी टेबलावर परत ठेवली.

"साहेब, ह्या गोळ्या मले चालत नाई. मांगच्या साली खाल्ल्या तं तोंड आतून सोलून निघालं होतं."

डॉक्टर हसले. "तांड्यावर डॉक्टरी शिकून आलीस का? त्या दुसऱ्या असतील. मुकाट्यानं घे, नाही तर पाय कापावा लागेल."

पाय कापायच्या भीतीने तिने गोळ्या घेतल्या. दोन-तीन दिवसांत डोळे लाल झाले, तोंडात फोड आले, आणि मग पाठीची कातडी लुगड्याबरोबर निघून येऊ लागली. नवऱ्याने, भावसिंगने, तिला बैलगाडीत घालून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, हे औषधानेच झालं आहे, पुन्हा जन्मात ते घ्यायचं नाही. सुखीबाई वाचली. उजवा डोळा मात्र गेला, आणि डाव्याला सगळं धुरातून पाहावं तसं दिसू लागलं.

बंजाऱ्यांच्या तांड्यावर कोणी म्हणालं, देवीचा कोप झाला.

"देवीनं काही नाई केलं," सुखीबाई म्हणाली. "डॉक्टरनं केलं. म्या सांगतल्यावर केलं."

ती डॉक्टरला कोर्टात खेचणार हे कळल्यावर तांड्याचे प्रमुख, नायक खेमसिंग, तिला समजवायला आले. "पोरी, उद्या तांड्यातलं लेकरू बिमार पडलं तं त्याच डॉक्टरपाशी जावं लागते. कायले वैर घेतं?"

"नायक, लेकरू बिमार पडन तवा त्याच्या मायचं तरी त्यानं आयकलं पाह्यजे ना?"

खेमसिंग उठून गेले. भावसिंग बैलांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "वकिलाकडं कवा जायचं ते सांग."

यवतमाळचे रामराव वकील साठीला टेकलेले होते. शेतीच्या बांधांचे आणि वाटण्यांचे दावे लढवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, डॉक्टरवर दावा त्यांनी कधी लावला नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे पाहा बाई, दवा कोणालेही बाधू शकते. तेवढ्यासाठी कायदा डॉक्टरले धरत नाही. पण तू आधी सांगतलं आन् तरी त्यानं दिली, तं तो निष्काळजीपणा झाला. आता मले सांग, तुह्यं बोलणं आयकलं कोणी?"

"तुळसाबाईनं. माह्या बाजूलेच बसून होती."

सुखीबाईच्या नावावर काहीच नव्हतं, म्हणून रामरावांनी नादारीचा अर्ज करून कोर्टाची फी माफ करून घेतली. स्वतःच्या फीचा विषय त्यांनी काढलाच नाही.

तुळसाबाई जवळच्याच गावातल्या शेतकऱ्याची सून. सुखीबाई दरवर्षी तिच्या शेतात कापूस वेचायला जायची. साक्ष देशील का, हे विचारायला सुखीबाई तिच्या घरी गेली तेव्हा तुळसाबाई तुरीची डाळ पाखडत होती, आणि सासरे नानाजी ओसरीवर बसले होते. डॉक्टरांची आणि त्यांची रोजची बैठक होती.

"आमच्या घरची बाई कोर्टात जात नसते," नानाजी म्हणाले.

"मालक, मी तुमाले नाई विचारून राह्यली. जिनं आयकलं तिले विचारून राह्यली."

तुळसाबाईने सूप खाली ठेवलं नाही की मान वर केली नाही. सुखीबाई तशीच परतली. रामरावांनी तुळसाबाईच्या नावाने कोर्टातून समन्स काढून घेतलं, पण ती येऊन खरं बोलेल याची खात्री त्यांनाही नव्हती.

तारखेच्या दिवशी तुळसाबाई आली, नानाजींच्या मागे मागे, डोक्यावरचा पदर गच्च धरून. सुखीबाईला तिचा चेहरा काही दिसला नाही.

डॉक्टरांच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, "ही बाई बंजारी बोलीत काहीतरी पुटपुटली. डॉक्टरांना ते समजलं नाही. असंच ना?"

तुळसाबाईने पदर आणखी पुढे ओढला. न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. नानाजी खाकरले.

"नाई साहेब," तुळसाबाई म्हणाली. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "तिनं मराठीतच सांगतलं. मले समजलं. डॉक्टरसाहेबालेही समजलं, म्हणून तं ते हासले."

नानाजी उठून बाहेर गेले. सुखीबाईच्या उरलेल्या डोळ्यातून पाणी गळत होतं. ते तिने पुसलं नाही.

निकालाआधी डॉक्टरांचे वकील व्हरांड्यात भेटले. डॉक्टर पैशांची मदत करायला तयार होते, फक्त त्यांची चूक नव्हती असं बाईने कबूल करायचं. भावसिंगने बायकोकडे पाहिलं.

"चूक नव्हती म्हणू?" सुखीबाई म्हणाली. "मंग हा डोळा कोणं खाल्ला?"

निकाल तिच्या बाजूने लागला. रुग्णाने स्पष्ट सांगूनही तेच औषध दिलं, हा डॉक्टरांचा निष्काळजीपणा आहे, असं न्यायाधीशांनी वाचून दाखवलं आणि नुकसानभरपाई ठरवली. डॉक्टरांनी लगेच अपील केलं.

नानाजींनी पुढे कितीतरी दिवस सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही. तरी वेचणी सुरू झाली तेव्हा तुळसाबाई स्वतः तिला बोलवायला तांड्यावर आली. सुखीबाई आता बोंडं हाताने चाचपून वेचायची, आणि शेतातल्या बायकांना सांगायची, दवाखान्यात जाल तेव्हा आपल्याला काय सोसत नाही ते मोठ्याने सांगा, शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

अपिलाचं सांगायला रामरावांनी तिला बोलावून घेतलं. "बाई, याले लय साल लागतीन. तो थकवायले पाहीन तुले."

"लागू द्या," सुखीबाई म्हणाली. "मी कुठी चालली? पुढची तारीख सांगा."