चुन्याखालचं नाव

आमच्या मोहल्ल्यातल्या शहीद-दगडाले दरवर्षी चौदा ऑक्टोबरच्या, दीक्षेच्या दिवसाच्या आधी चुना कोण मारे? मी. अकरा वर्षं दुसऱ्या कोणाले ब्रशले हात लावू दिला नाही. लोक म्हणत, सत्यवतीची काय सेवा हाय! कायची सेवा, डोंबल! एकाहत्तरच्या लढाईनंतर त्या दगडावर सात नावं कोरली, त्यात आमच्या ह्यांचंही. मोहल्ल्यानं घाई केली. मले आलेल्या सरकारी कागदात 'बेपत्ता' लिहिलं होतं, मेले असं कुठंच नव्हतं. म्हणून मी त्या नावात बोटानं दाबून-दाबून चुना भरत होती. माणूस परत येईल अन् आपलंच नाव तिथं वाचेल, तर काय म्हणेल?

त्र्याऐंशी साली मोहल्ल्याचा कारभार पाहणाऱ्या देवरावनं दगड दुरुस्त करायचं काढलं. मी भांडली, कोणी ऐकलं नाही. बळीराम मिस्त्री आला अन् दगड भिजवून चुना खरडू लागला. मी उन्हात समोरच उभी.

चुना निघाला अन् सगळे पुढे सरकले. ज्यांच्यावर मी नुसता ब्रश फिरवे ती सहा नावं पावसापाण्यानं झिजून गेली होती. आमच्या ह्यांचं तेवढं कालच कोरल्यासारखं उभं होतं. मी भरलेल्या चुन्यानंच ते राखलं होतं.

शेजारची रुखमाबाई आपल्या पोराच्या नावाची जागा चाचपडत होती. हाताले नुसता दगड लागे. रागावली नाही ती. म्हणाली, "तुहं तरी दिसते वं."

मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बळीरामची एक रीत होती. घरच्यानं नाव मोठ्यानं सांगितल्याबिगर तो छिन्नी लावत नसे की रंग. कुठंतरी त्यानं बापाचं नाव पोराले लावून शिव्या खाल्ल्या होत्या. रुखमाबाईनं पोराचं, नत्थूचं नाव सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. मग तो काळा रंग घेऊन माझ्याकडे वळला.

मी म्हटलं, वाचता येते ना तुले, मग रंगव. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटते, असं सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बुद्धाची दीक्षा घेतली, देव सोडले, हे काही सुटलं नाही.

बळीरामनं ब्रश खाली ठेवला. "नको असन तर चुना पुन्हा भरून देतो, वहिनी."

मी रुखमाबाईकडे पाहिलं. तिचा हात अजून दगडावरच होता.

"रुपराव," मी म्हणाली. "रुपराव."

किती सोपं नाव होतं. सात वर्षांच्या संसारात त्यांनी कितीदा लाडीगोडी लावली होती, एकदा तरी घे न वं. आज घेतलं, अन् ऐकायले तेच नव्हते.