सी लमीन यांची अखंड हजेरी

आमच्या मासे-संशोधन कचेरीत सगळ्यांना मिळून एकच कॉम्प्युटर होता. तो माझ्या खोलीत, कपाटाएवढा. त्याच्यातून निघालेल्या तारा दोन मजल्यांवरच्या अकरा टेबलांपर्यंत गेलेल्या. टेबलावर नुसता पडदा आणि कीबोर्ड. डोकं सगळं माझ्याकडे. ते यंत्र मी सांभाळायची. १९९१ साली अख्ख्या स्फाक्स शहरात हे काम करणारी मी एकटीच बाई, असं निदान माझी आई बाजारात सांगत फिरायची.

रोज संध्याकाळी यंत्रातली माहिती टेपवर उतरवून ठेवावी लागे. त्या वेळी आत कुणी काम करत असेल तर अर्धं जुनं, अर्धं नवं अशी खिचडी उतरायची. म्हणून मी आधी यंत्राला विचारायची, आत कोण कोण आहे. तीन अक्षरं दाबली की यादी यायची: नाव, कुठल्या टेबलावरून, किती वाजता आत शिरला, आणि सगळ्यात शेवटी, किती वेळ त्याने बोटसुद्धा हलवलेलं नाही. मग मी जिन्यात उभी राहून एकेकाला हाक मारायची. जो ऐकायचा नाही त्याला माझ्या खोलीतूनच बाहेर काढायची.

सी लमीनना (सी म्हणजे आमच्याकडचं 'श्रीयुत') मात्र मी कधी काढलं नाही. मला हे काम शिकवलं त्यांनीच. एप्रिलमध्ये ते निवृत्त झाले, त्या दिवशी कुणीतरी त्यांना हात धरून निरोपाच्या मिठाईकडे, बकलाव्याकडे, ओढत नेलं आणि यंत्रातून बाहेर पडायचं राहून गेलं. पुढे त्यांच्या खोलीत जुनी जाळी टाकायला लागले. टेबल, पडदा, सगळं जाळ्यांखाली गेलं. नाव यादीत राहिलं. तिथे कुणी बोट लावत नव्हतं, त्यामुळे टेपला धोका नव्हता. सकाळी यादीत ते नाव दिसलं की मला बरं वाटायचं, एवढंच.

सप्टेंबरात राजधानीहून नवे संचालक आले, सी अब्दुस्सत्तार. माणूस कपड्यांनी टापटीप, बोलायला मऊ, आणि माणसांपेक्षा कागदावर जास्त विश्वास ठेवणारा. एका संध्याकाळी माझ्या मागे उभे राहून त्यांनी ती यादी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. हजेरीच्या वहीत माणसं खोटं लिहितात, म्हणाले, पण यंत्राला काय पडलंय. उद्यापासून सकाळी आठ वाजता ही यादी छापून माझ्या टेबलावर. यादीत नाव तो हजर, नाव नाही तो गैरहजर. आणि हे बाकीचे आकडे नकोत, कागद घाण दिसतो. फक्त नावं.

मी म्हटलं, त्या आकड्यांतच खरी गंमत आहे. बाईमाणसाला अदबीने लल्ला म्हणतात, तसं ते मला म्हणाले, "लल्ला रौधा, गंमत आपण सुट्टीत करू."

आठवडाभरात सगळ्यांनी तोड काढली. आमचा दरवान अम्म जिलानी (अम्म म्हणजे काका) सातला कचेरी उघडायचा. कुणाच्या मुलाला शाळेत सोडायचं असे, कुणाला मासळीबाजार गाठायचा असे. त्यांनी आपापला पासवर्ड जिलानीला देऊन टाकला. त्याने ते सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून घेतले. जन्मात कधी यंत्राला न शिवलेला तो माणूस एका बोटाने, जीभ बाहेर काढून, टेबलामागून टेबल करत नऊ जणांना आत सोडू लागला. त्यात त्याला बरीच माहितीही मिळाली. एकाचा पासवर्ड म्हणजे मेहुणीचं नाव होतं, आणि दुसऱ्याने जो शब्द ठेवला होता तो जिलानीने मला कधीच सांगितला नाही, नुसता मान खाली घालून हसला.

एकच माणूस या भानगडीत नव्हता, सी हम्मादी. माशाच्या कानात बारीक हाड असतं, त्यावर झाडासारखी वर्तुळं असतात, ती मोजून माशाचं वय सांगायचं हे त्यांचं काम. रोज पावणेआठला येऊन ते सूक्ष्मदर्शकावर वाकायचे ते जेवायलाच उठायचे. त्यांच्या टेबलावर पडदा नव्हता, त्यांना नकोच होता. मी सांगून पाहिलं, निदान माझ्या खोलीत येऊन रोज नाव तरी उमटवा. तर म्हणाले, मी माशांसाठी येतो, नावासाठी नाही.

नोव्हेंबरात जिलानीची दाढ सुजली. तो दोन दिवस आला नाही आणि त्या दोन दिवसांत अख्खी कचेरी गैरहजर झाली, अगदी सी अब्दुस्सत्तार धरून. माझं नाव यादीत असणार होतं, पण छापण्याआधी मी ते मुद्दाम काढलं. सगळे बुडाले असताना मी एकटी तरंगत राहणं बरं दिसलं नसतं. आठ वाजता कागदावर एकच नाव छापून आलं.

संचालकांनी तो कागद हातात धरून दोन्ही मजले पालथे घातले. समोर माणसं बसलेली दिसत होती, पण आठनंतर आलेली माणसं, त्यांच्या लेखी तो पुरावाच होता. परत येऊन मला म्हणाले, या घरात एक तरी माणूस आहे. वर्षाअखेरच्या समारंभात या सी लमीनना मी स्वतःच्या हाताने मानपत्र देणार.

मी तोंड उघडणार होते, खरंच. पण तेवढ्यात त्यांनी माझ्यापुढे दुसरं पत्र टंकायला ठेवलं. ते सी हम्मादींना होतं: छप्पन्न दिवसांच्या सलग गैरहजेरीचा खुलासा करा, अन्यथा कारवाई. पत्र टंकताना भिंतीपलीकडून हम्मादींचा खोकला ऐकू येत होता. मी पत्र पूर्ण केलं आणि लमीनबद्दल एक अक्षर बोलले नाही. नावंच हवी होती ना, घ्या नावं.

हम्मादींनी त्याच दिवशी खुलासा दिला: "माझ्या गैरहजेरीच्या काळात मी आपल्या शेजारच्या खोलीत बसून होतो." संचालकांनी त्यावर शेरा मारला, पुराव्याअभावी अमान्य.

समारंभाचं निमंत्रण जिलानीच्या हाती दिलं होतं, सी लमीनना पोचवायला. जिलानीने ते जिथे सी लमीन राहतात तिथे, त्यांच्या घरी नेऊन दिलं. त्याचं काही चुकलं नाही.

त्या दिवशी गव्हर्नरच्या कचेरीतले पाहुणे आले होते. बदामाचं सरबत फिरत होतं. सी लमीन इस्त्रीचा बुर्नूस झगा आणि डोक्यावर लाल शेशिया टोपी घालून, काठी टेकत आले आणि पहिल्या रांगेत बसले. जुन्या कचेरीने आठवण ठेवली म्हणून त्यांचे डोळे भरले होते. ते पाहून मला पहिल्यांदा लाज वाटली, पण आता थांबवायचं कसं ते सुचेना.

संचालकांनी मानपत्र दिलं, गालाला गाल लावला आणि म्हणाले, "सी लमीन, तीन महिन्यांत तुम्ही एकदाही जागा सोडली नाहीत. हे कसं जमतं, या तरुण मंडळींना सांगा."

सी लमीननी जरा विचार केला. "गुडघे," ते म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय हिंडू नका. मग जाणार कुठे? चहासुद्धा बायको जागेवर आणून देते."

पाहुणे कौतुकाने पुढे वाकले. "वहिनीही इथेच असतात का कामाला?"

"छे हो, ती घरी. मीही घरी. एप्रिलमध्ये निवृत्त झालो की मी."

हॉलमध्ये कुणाचा तरी बकलावा घशात अडकला. सी अब्दुस्सत्तारांनी हसून टाळ्या वाजवायला सुरुवात केली, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच, आणि आम्ही सगळ्यांनी त्यांना साथ दिली.

पाहुणे गेल्यावर ते माझ्या खोलीत आले आणि दार लावलं. मला वाटलं, झालं, आता घरी बसायचं. ते एवढंच म्हणाले, "आकड्यांसकट दाखव."

मी यादी काढली. सी लमीन: आठ महिने बोट हललेलं नाही. बाकीचे नऊ जण: सकाळी आत शिरल्यापासून बोट हललेलं नाही. पहिला सात चौदाला शिरलेला, दुसरा सात सतराला, तिसरा सात वीसला; जणू कुणी केर काढत खालून वर गेलं असावं. शेवटचं नाव, वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातलं, सात अडतीसचं. ते सी अब्दुस्सत्तारांचं होतं.

त्यांनी जिलानीला बोलावलं. जिलानीने काहीच लपवलं नाही. म्हणाला, "साहेब, पहिल्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना, सकाळी माझं तेवढं चालू करून ठेवत जा. मला वाटलं, दारं उघडण्यातलाच प्रकार आहे."

संचालकांनी यादी बंद करायला सांगितली, कायमची. जिलानीला कॅलेंडर फाडून टाकायला सांगितलं. हम्मादींकडे मात्र ते स्वतः गेले. आत काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण पाऊण तासाने बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर माशाच्या कानातलं हाड होतं आणि ते वर्तुळं मोजत होते.

फुकटचे नऊ जण बाहेर पडल्यावर यंत्राचा वेग बघण्यासारखा झाला. जानेवारीत हम्मादी माझ्या दाराशी आले, हातात चौदा वर्षांच्या वह्या. म्हणाले, तुझं हे डबडं एवढी बेरीज करेल का. करेल, मी म्हटलं, पण आकडे आत घालायला माणूस हवा.

माणूस पुढच्या सोमवारी आपणहून आला. सी लमीन. मानपत्र घरी लावलंय, म्हणाले, बायको रोज त्याच्याकडे बघून हसते, मला जेवण जात नाही. जिलानीने जाळी उचलली, टेबल पुसलं, पाठीला उशी दिली. हम्मादी वही वाचायचे, सी लमीन एकेक आकडा घालायचे, आणि मधूनच दोघांचं भांडण व्हायचं की हा सात आहे की एक.

त्या संध्याकाळी टेपची वेळ झाली तेव्हा मी जिन्यात उभी राहिले आणि हाक मारली, "सी लमीन, बाहेर पडा."

"दोन मिनिटं थांब गं," आतून आवाज आला.