खडशीचा डोह

आवाज झाला तेव्हा हंबीरराव परड्यात म्हशीपुढं वैरण टाकत होते. उभी जवानी पलटणीत गेलेली. कोयनेच्या डोहात कुणीतरी सुरुंगाचा तोटा टाकला, हे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. ते अनवाणीच पळाले.

नदीत पुतण्या पृथ्वीराज होता. सोबत शहरातल्या विश्रामबागेतनं आलेले दोन दोस्त. गुडघाभर पाण्यात उभं राहून तिघं पांढऱ्या पोटानं तरंगणाऱ्या खडशी मासळ्या गोळा करत होते. कडेला बोटाएवढी पिल्लंही मरून लागली होती.

हंबीररावांच्या कानशिलाची शीर उडू लागली. पुराचं पाणी उतरलं की खडस धारेला उलटी वर येते आणि गोट्यांच्या उथळ पाण्यात थोडीथोडी अंडी टाकते, हे या पोराला त्यांनीच दाखवलं होतं. गळाला लागली तर हातात घेऊन बघावी आणि परत सोडावी, हेही सांगितलं होतं. पोरानं जागा तेवढी ध्यानात ठेवली.

"एकच तोटा टाकला, आबा," पृथ्वीराज म्हणाला. "पाव्हणं आल्यात, म्हनलं ताजी मासळी खाऊ दे."

हंबीररावांनी सगळ्यांत मोठी मादी उचलली. पिवळी अंडी त्यांच्या मनगटावरून ओघळली.

"हिला एवढी व्हायला किती वर्सं लागली, ठावं हाय? पोटुशी हाय ती."

"मासंच हायत न्हवं?"

एक दोस्त हसला. हंबीररावांनी मासळी खाली ठेवली, काठावर उभ्या त्यांच्या गाडीची किल्ली काढून घेतली आणि पोलिसांना फोन लावला.

उसातनं धाकटा भाऊ आकाराम, पृथ्वीराजचा बाप, धावत आला. "दादा, केस झाली तर पोराची फौजेतली भरती गेली. तूच त्याला पळवतोस की रोज माळावर."

ते खरं होतं. हंबीररावांनी फोन परत खिशातनं काढला. पण पृथ्वीराज तेवढ्यात दोस्ताला हळूच म्हणाला, "आबा काय करत न्हाईत. घरचीच हायत."

ते ऐकून हंबीररावांनी फोन खिशात टाकला. पोलीस आले तसा त्यांनी जबाब दिला. जमलेल्या लोकांतनं साक्षीला कुणी पुढं येईना. मागनं मनुबाई चप्पल घेऊन आली होती. नवऱ्याच्या पायापाशी चप्पल टाकत ती हवालदाराला म्हणाली, "माजं नाव लिवा. आवाज मी बी ऐकलाय."

पृथ्वीराजची भरती हुकली. गौरीच्या जेवणाला आकारामच्या घरातलं कुणी आलं नाही. हंबीरराव माळावरनं जाताना पोराचा पळायचा रस्ता बघायचे, आणि त्यांचा राग दुप्पट व्हायचा. त्याच्यावरही आणि 'घरचीच हायत' या त्याच्या एका वाक्यावरही.

दिवाळीनंतर आकाराम विहिरीवर भेटला. "आता तरी केस मागं घे."

"डोह व्हता तसा करून दे," हंबीरराव म्हणाले. "लगेच घेतो."

आकारामनं मान फिरवली आणि मोटर चालू करायला निघून गेला.