पुरतं मागे, मग पुढे

मी एक जुना लेथ आहे. मित्रांनो, नावाला बिचकू नका, माझं काम अगदी सरळ आहे. लोखंडाची कांब दातांत घट्ट धरायची आणि गरगर फिरवायची. समोरचं हत्यार तिला सोलत सोलत मापात आणतं. माझा हिरवा रंग तीनदा उडाला. चौथ्यांदा कुणी लावला नाही.

माझ्यात एक खोडही आहे, ती आधीच सांगून टाकतो. माझं हँडल उलट फिरवलं की पहिला पाव फेरा फुकट जातो. हँडल फिरतं, हत्यार जागचं हलत नाही. याला ढिलाई म्हणतात. म्हातारपणी कुणाला नसते?

माझी पहिली वीस वर्षं एका मोठ्या विद्यापीठात गेली. काय ते वैभव! आम्ही चाळीस भावंडं रांगेत उभी, आणि एकेकाभोवती तीस मुलं. एक जण हँडल फिरवी, दुसरा माप घेई, उरलेले अठ्ठावीस त्यांचे आकडे वहीत उतरवत. त्यांत एक किडकिडीत मुलगा होता. वर्षभर त्याने माझ्यापेक्षा पुढच्यांच्या मानाच जास्त पाहिल्या. मग एका जेवणाच्या सुट्टीत तो एकटाच आला आणि त्याने माझ्या हँडलवर हात ठेवला. असा ठेवला, की मला वाटलं, आता देवाचं नाव घेतो की काय!

पुढे संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि माझी रवानगी गोदामात झाली. चार वर्षं कबुतरांनी माझ्या अंगाखांद्यावर संसार थाटले. पण ज्याने एकदा जीव लावला, तो विसरत नाही. तो किडकिडीत मुलगा आता एका छोट्या कॉलेजात शिकवत होता. त्याने अर्जांवर अर्ज करून मला मागून नेलं. बाहीवर कायम तेलाचे डाग, म्हणून तिथली मुलं त्यांना तेलसर म्हणत.

इथे वर्गात मोजून नऊ मुलं. प्रत्येकाचा हात माझ्या ओळखीचा. "हात लागला ते कळलं, नुसतं पाहिलं ते राहिलं," असं तेलसर कामाच्या तालावर गुणगुणत, आणि मुलं मागोमाग तेच म्हणत. पण एक दिवस पत्र आलं. यंदाच्या नव्या वर्गात दहा मुलं भरली नाहीत, तर विभागाचे नवे प्रवेश बंद. नावं आली होती नऊच.

त्याच आठवड्यात एक मुलगी आईबाबांबरोबर आली. तिचा नंबर त्याच मोठ्या विद्यापीठात लागला होता आणि इथेही. कुठे जाणार, ते दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं.

"एवढंसंच?" बाबा इकडेतिकडे बघत म्हणाले. "आपल्या बिल्डिंगचं पार्किंग याहून मोठं आहे."

"पार्किंगमध्ये शिकवतात का हो?" आईने विचारलं.

तेलसरांनी मुलीला माझ्यासमोर उभं केलं. "ही कांब वीस मिलिमीटर जाडीची कर बघू."

तिने फिरवायला घेतलं. हँडल वीसच्या खुणेच्या किंचित पुढे गेलं. तिने घाईघाईने केसभर मागे घेतलं, खुणेवर आणलं आणि कांब सोलली. माप निघालं साडेएकोणीस.

"पण मी तर मागे घेतलं होतं!"

"अर्धवट घेतलंस. याची ढिलाई निघालीच नाही. चुकलं की पुरतं मागे यायचं, मग पुढे."

तिचे डोळे चमकले. दुसरी कांब तिने बरोबर वीसवर आणली. माझ्या मनात आलं, देवा, दहावं नाव मिळालं!

तेवढ्यात तिने विचारलं, "सर, मला कृत्रिम पाय बनवायचेत. माझ्या आजोबांना एक पाय नाही. तो विषय आहे इथे?"

 तेलसर हातातल्या चिंधीने माझं हँडल पुसत राहिले. एक 'हो' म्हटलं असतं, तर विभाग वाचला असता.

"नाही, बाळ. त्याची प्रयोगशाळा तिकडे आहे. तू तिकडेच जा. फक्त मागे उभी राहू नकोस. मी वर्षभर राहिलो होतो."

ती गेली. दहावं कुणी आलं नाही. पुढच्या वर्षापासून नवी मुलं येईनाशी झाली. शेवटच्या नऊ जणांचं काम झालं की तेलसर रोज मला तेल देत आणि चादर ओढत. गुणगुणणं थांबलं होतं.

दोन वर्षांनी, एका शनिवारी, दार वाजलं. तीच मुलगी! मागे चार मित्रमैत्रिणी, आणि तिच्या हातात पोलादाचा तुकडा.

"सर, कृत्रिम पायाच्या गुडघ्याची पिन करायचीय. तिकडे यंत्रावर माझा नंबर पंधरा दिवसांनी लागतो. आणि या चौघांनी अजून यंत्राला हातसुद्धा लावलेला नाही. दर शनिवारी आलो तर चालेल?"

"एवढ्या लांबून?"

"मागे यायचं तर पुरतं यायचं ना, सर?"

मित्रांनो, छोटं की मोठं, ते तुमचं तुम्ही ठरवा. जिथे जाल तिथे हात पुढे करा, आणि निघताना यंत्र पुसून दोन थेंब तेल द्या. माझं एवढंच मागणं आहे.

तेलसरांनी माझ्यावरची चादर ओढून काढली. त्या चौघांतल्या सर्वांत मागच्या मुलाला त्यांनी बोटाने खूण केली.

"तू. आधी तू ये."