उन्हाची लाडकी

"ऊन गेलं ना पोरी, की पाय उचलायचा नाही. आहेस तिथे थांब."

बाबांचा तो आवाज लहानपणापासून तिच्या कानात राहिला होता. डोंगरावरच्या कुरणात फुलपाखरं मोजायची, ही त्यांची नोकरी. त्यांतलं एक तपकिरी, फक्त उंचावरच्या गवतात राहणारं. बाबा त्याला तपकिरी बाई म्हणायचे. ढग आला की ती गवतात उतरायची, पंख मिटून वाळकं पान होऊन जायची. चुकून पाय पडू नये म्हणून ऊन परत येईपर्यंत बापलेक खांबासारखे उभे. तेवढ्या वेळात बाबा गुणगुणायचे,

तपकिरी बाई गं, उन्हाची लाडकी,
ढग आला आडवा, लावते खिडकी.

"कसली लाडकी!" घरी आत्या हसायची. "चहाचा डाग बरा दिसतो तिच्यापेक्षा."

"डाग नव्हे गं, पंखांवर डोळे आहेत तिला. तुझ्याकडेच बघतात!"

आता बाबांचे पाय गेले होते आणि मोजणी लेकीकडे आली होती. खाली उकाडा वाढत गेला तशी तपकिरी बाई गारवा शोधत वर वर सरकली. उतारावरून डोंगराच्या खांद्यावर, खांद्यावरून माथ्यावर. माथ्याच्या वर मात्र डोंगर नव्हता.

या उन्हाळ्यात लेक रोज चढली. संध्याकाळी परतली की खिडकीपाशी बसलेले बाबा विचारायचे, "दिसली?"

"ढग होते हो, बाबा. दिवसभर ढग."

"मग बसली असेल गवतात. पाय जपून टाकलास ना?"

"हो."

हे मात्र खरं होतं. रिकाम्या गवतातही तिचा पाय जपूनच पडायचा.

आजही तेच विचारणं, तेच सांगणं. बाबांनी मान डोलावली. मग तिचा चेहरा जवळ ओढून न्याहाळत राहिले. नाकाची सालं निघाली होती, गाल रापले होते. त्यांनी खिडकीतली मलमाची डबी उघडली आणि बोट तिच्या नाकावरून फिरवलं.

"ढगांनीही भाजतं हल्ली," ते हळूच म्हणाले. "उद्या टोपी घालून जा हो."

त्या 'उद्या'पाशी तिचा धीर सुटला. तिनं ते मलमाचं बोट मुठीत धरलं.

"ढग नव्हते, बाबा. एकही दिवस नव्हते. लख्ख ऊन होतं, आणि नुसतं गवत हलत होतं."