चार काळे भुंगेरे

सुताराची मुलगी प्रयोगशाळेत लाकूड पोखरणारे भुंगेरे पाळायची. बापाला याचं हसू यायचं. "मी जन्मभर ज्यांना मारत आलो, त्यांना तू खाऊ घालतेस!"

मग ती समजावून सांगायची. या भुंगेऱ्यांच्या पोटात जिवाणू राहतात. त्यांच्याच जिवावर भुंगेऱ्याची पाठ काळी, टणक होते. अळ्यांना औषध देऊन जिवाणू मारले, की भुंगेरे फिके, मऊ निघतात आणि कोरड्या हवेत सुकून मरतात.

एका थंडीत प्रयोगशाळेतला इन्क्युबेटर बंद पडला. दुरुस्तीला चार दिवस लागणार होते. औषध दिलेल्यांचा एक आणि न दिलेल्यांचा एक, असे दोन डबे ती बापाच्या कारखान्यात घेऊन आली. सरस तापवायच्या शेगडीमुळे तिथे ऊब असायची.

"माझ्या लाकडाला तोंड लावणार नाहीत ना?"

"झाकणाला जाळी आहे, बाबा."

परत नेल्यावर तिने मोजणी केली. फिके सगळे होते. काळे चार कमी भरले. जाळीचा एक कोपरा कुरतडलेला होता. सांगितलं तर बाबा बारा वर्षं वाळवलेला लाकडाचा साठा उपसत बसतील, म्हणून ती गप्प राहिली. चारच तर आहेत, असं तिने मनाला समजावलं.

दीड वर्षाने बापाने तिला कारखान्यात बोलावलं. फळ्यांखाली पिठासारखा भुसा पडला होता. त्याच्या तळहातावर एक मेलेला भुंगेरा होता.

"हा तुझ्या ओळखीचा आहे का गं?"

काळा कुळकुळीत होता. तिने सगळं सांगून टाकलं.

तो बराच वेळ एकेक फळी बोटाने ठोकून बघत राहिला. आवाज पोकळ येत होता.

"तेव्हाच बोलली असतीस, तर पाच-सहा फळ्यांवर भागलं असतं."

एवढंच. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

साठा मागच्या मोकळ्या जागेत जाळला. ती फळ्या आणून द्यायची, तो आगीत टाकायचा. दोन दिवस लागले. नवं लाकूड वाळायला पुन्हा बारा वर्षं हवी होती, आणि त्याला अडुसष्टावं चालू होतं. रंधे, पटाशा त्याने ओळखीच्या एका सुताराला देऊन टाकल्या.

आता तो तयार कपाटांच्या दुकानात भुशाच्या दाबीव फळ्यांना स्क्रू मारतो. परवा जेवताना तिने भीतभीत विचारलं, "काम कसं आहे, बाबा?"

"बरं आहे. याला कीड लागत नाही."

तिचा घास हातातच राहिला. त्याने भाजीचं भांडं तिच्याकडे सरकवलं.